सात मिनिटांचे तत्त्व

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच एक गोष्ट नम्रतेने, परंतु ठामपणे नमूद करतो. गेल्या एकवीस वर्षांत या शाळेत शिजलेला एकही कट माझ्या नजरेतून सुटलेला नाही! नववीच्या वर्गाने फळ्याला साबण फासला, तो मी नुसत्या वासावरून ओळखला. प्रयोगशाळेतील बेडकाची बरणी संगीताच्या बाईंच्या कपाटात जाणार होती, तेव्हा बरणीच्या आधी मी कपाटापाशी पोहोचलो होतो. चपलेच्या आवाजावरून माणसाच्या मनात काय चालले आहे, हे सांगण्याची विद्या मला साध्य आहे. अशा मनुष्याला रबरी तळव्यांच्या एका बुटाने कसे जेरीस आणले, त्याचीच ही हकीकत होय.

प्रथम माझा परिचय. मी या शाळेचा शिपाई. शिक्षण सातवी उत्तीर्ण. आठवीत बीजगणिताशी माझे मतभेद झाले, ते आजतागायत मिटलेले नाहीत. मात्र ग्रंथालयाची झाडलोट माझ्याकडे असल्यामुळे पुष्कळ ग्रंथ माझ्या हातांखालून गेले आहेत आणि काही तर मी उघडूनही पाहिले आहेत. टोल देणे हे माझे मुख्य कर्तव्य. म्हणून मुले मला टोलकाका म्हणतात. पितळेची ती परातीएवढी घंटा मी लाकडी हातोड्याने वाजवली की सहाशे विद्यार्थी उठतात, बसतात, डबे उघडतात आणि पुन्हा मिटतात.

आमची शाळा खासगी आहे. वसतिगृह नाही. मुले सकाळी येतात, दुपारी घरी जातात आणि मधल्या काळात त्यांचे जे काही व्हायचे ते होते. पन्नास वर्षांपूर्वी संस्थापकांनी एका छापखान्याच्या मागच्या खोलीत अकरा मुले आणि एक लंबकाचे घड्याळ एवढ्या सामग्रीवर ती सुरू केली. त्या अकरांपैकी आता कोणी येत नाही. घड्याळ मात्र अद्याप आमच्याकडे आहे.

हे घड्याळ जगातील इतर घड्याळांच्या सात मिनिटे पुढे चालते. हा दोष नव्हे! हे आमच्या संस्थापकांचे तत्त्व आहे. ‘विद्यार्थ्याने जगाच्या सात मिनिटे पुढे असावे’ हे वाक्य प्रवेशद्वारावर कोरलेले आहे. आमच्या बिल्ल्यावरील सूर्याला मोजून सात किरण आहेत. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, विचारतात, “आपण जगाच्या किती पुढे?” आणि सहाशे गळे एका सुरात गर्जतात, “सात मिनिटे!” या गर्जनेमुळे रोज एकदा तरी सुई बोटात जाते, अशी शेजारच्या शिंप्याची लेखी तक्रार आहे. शाळेत एकच वेळ नांदावी म्हणून मनगटी घड्याळांना बंदी आहे. शिक्षकांनी ती सकाळी कार्यालयातील लाकडी पेटीत ठेवायची. अलीकडे मोबाइलही त्याच पेटीत पडतात.

परंतु त्या गर्जनेच्या वेळी एक गळा गप्प असतो. तो माझा.

कारण ते तत्त्व संस्थापकांचे नाही. ते माझ्या हातून घडले आहे!

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी जवळजवळ रोज उशिरा आलो होतो. पाच मिनिटे, सहा मिनिटे, फार नाही. पण टोल देणाराच उशिरा आला की पहिला टोल मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. तेव्हाचे मुख्याध्यापक हातोडा असा हाणीत की जणू घंटेच्या जागी मीच लटकलो आहे! अशात एका शनिवारी सकाळी शाळा उघडली तेव्हा घड्याळ बंद पडलेले. त्या काळी ते जिन्याच्या उंच भिंतीवर, दोन पुरुष उंचीवर होते. कोण चढणार, असा प्रश्न निर्माण झाला. मी पुढे झालो. मनगटावर वेळ पाहिली, शिडी लावली, माकडाच्या चपळाईने क्षणार्धात वर पोहोचलो, काटे फिरवले, किल्ली दिली आणि खाली उतरलो. टाळ्या वाजल्या.

सोमवारी अघटित घडले. ऐन आठच्या ठोक्याला येण्यात आमचे शिक्षक पटाईत होते. त्या दिवशी ते यच्चयावत उशिरा आले! मुख्याध्यापकसुद्धा! हजेरीपत्रकात तेवीस लाल फुल्या पडल्या. वेळेवर आलेला कर्मचारी एकच, तो म्हणजे मी. चक्क तीन मिनिटे आधी, सात सत्तावन्नला! माझ्या नावापुढची ती निळी सही मी दिवसातून चार वेळा जाऊन पाहिली.

सायंकाळी घरी मी ही वार्ता छाती फुगवून सांगितली. पत्नी गालातल्या गालात हसली.

“जाणारच की वेळेवर! शुक्रवारी रात्रीच तुमचं घड्याळ पुढे करून ठेवलंय मी. रोज रोज त्या साहेबांचं बोलणं किती खाणार तुम्ही?”

हातातला घास मी परत ताटात ठेवला. वाचकहो, पुढे केलेल्या त्याच घड्याळावरून मी शनिवारी शाळेची वेळ लावली होती!

सर्व काही कबूल करून टाकावे, असा निश्चय करून मी मंगळवारी शाळेत गेलो. तर तिथे तपासणी अधिकारी आलेले. मी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन उभा असतानाच ते म्हणाले, “तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे हो.”

मुख्याध्यापकांनी आदल्याच दिवशी स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लाल फुली मारली होती. घड्याळ चुकले म्हणावे तर शाळेची शोभा, न म्हणावे तर स्वतःची. ते म्हणाले, “पुढे नाही साहेब, पुढे ठेवलंय! आमच्या संस्थापकांचं तत्त्व आहे ते.”

“वा! कुठे लिहिलंय हे त्यांनी?”

“लिहिलं नाही साहेब. आचरलं!”

संस्थापक त्या वेळी तसबिरीत होते आणि हरकत घेण्याच्या परिस्थितीत नव्हते. अधिकारी भारावले. त्यांनी ते अहवालात लिहिले, अहवाल छापला गेला आणि वर्षाच्या आत वाक्य प्रवेशद्वारावर चढले. एखाद्या चुकीला इतक्या झपाट्याने बढती मिळालेली मी तरी पाहिलेली नाही! मी तोंड मिटले. पुढे ‘मुलांना नीट दिसावे’ असे कारण दाखवून, अर्ज करून, ते घड्याळ मी खाली हात पोहोचेल इतक्या उंचीवर आणवले. त्याच्या पेटीची एकुलती एक किल्ली तेव्हापासून माझ्या कमरेला आहे.

एकोणीस वर्षे हे गुपित सुखाने नांदले. यंदा मात्र शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, शाळेचा इतिहास ग्रंथरूपाने काढायचे ठरले आणि इतिहासाचे एक नवे सर रुजू झाले. सडपातळ बांधा, हातात जाड वही आणि पायांत रबरी तळव्यांचे बूट. आवाज शून्य! मी तत्क्षणी सावध झालो. मुलांनी वेळीच सावरून बसावे म्हणून खरा शिक्षक लांबूनच खोकतो. ज्याला बिनआवाजाचे बूट लागतात, तो शिक्षक कसला? हा कोणीतरी मुद्दाम पाठवलेला हेर आहे!

दुसऱ्याच दिवशी तो हेर घड्याळाखाली माझ्या पाठीशी प्रकट झाला.

“काका, तुम्ही इथले सगळ्यांत जुने ना?”

“तसा जुना नाही सर. मध्ये मध्ये रजेवर असायचो.”

“हे घड्याळ कधी बंद पडलं होतं का हो?”

“घड्याळ? कुठलं घड्याळ?” मी म्हणालो. ते माझ्या डोक्याच्या वर टिकटिक करीत होते.

सरांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. मी लांबून शब्द मोजले. अकरा होते. ‘कुठलं घड्याळ’ एवढ्या दोन शब्दांवर त्या मनुष्याने अकरा शब्द लिहिले!

प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर मी पर्वा केली नसती. परंतु माझी मुलगी याच शाळेत नववीत शिकते. कर्मचाऱ्याचे अपत्य म्हणून तिला येथे जागा मिळाली आहे. कर्मचारी गेला की जागाही गेली. दहावी तोंडावर आलेली, वर्गात पहिला क्रमांक, इतिहास मंडळाची चिटणीस, आणि बापाच्या एका शिडीपायी तिने दप्तर उचलून शाळा सोडायची? या विचाराने माझे डोळे मिटेनात.

त्यात आणखी एक भयंकर शोध लागला. हेराने माझ्याच घरात माणूस पेरला होता! जेवताना मुलगी सहज स्वरात म्हणाली, “बाबा, तुम्ही शाळेत कधी शिडीवर चढला होतात का हो?”

मी ताट उचलले आणि आतल्या खोलीत गेलो.

“अहो, भिंतीकडे तोंड करून काय जेवताय?” पत्नी दारातून ओरडली.

“मला एकांत प्रिय आहे.”

“इतकी वर्षं नव्हता तो? आमटीत मीठ पडलं नाही तर शेजारच्यांनाही कळायचं!”

“आई, त्यांना विचार ना, घड्याळ लावताना...”

मी ताटासह खोलीचे दार लावून घेतले. असे आठ दिवस चालले. आठही दिवस एकच प्रश्न, एकच ताट, एकच भिंत.

शाळेतही मला सर्वत्र डोळे दिसू लागले. ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे पाहून चष्मा पुसला, कशासाठी? आजवर अस्वच्छ चष्म्यातून मी दिसत नव्हतो काय? प्रयोगशाळेचा मदतनीस मला पाहून हसला. तो सर्वांना पाहून हसतो, पण त्या दिवशी तो मला आधी पाहून हसला! बुधवारी मी ग्रंथालयाच्या खिडकीखाली तासभर झाडू मारीत होतो. तेथे कचरा नव्हता. आतून हेराचा आवाज आला.

“एकोणीस वर्षांपूर्वीचा फोटो सापडला, बाई. सगळे घड्याळाखालीच उभे आहेत. उद्या अध्यक्ष येतायत ना, त्यांना दाखवतो. ते यातला माणूस बरोबर ओळखतील.”

“मग झालंच की काम!” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

 यातला माणूस! बरोबर ओळखतील! संस्थेचे अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. वडिलांच्या नावावर खपलेल्या तत्त्वाचा खरा जनक त्यांच्यापुढे उभा केल्यावर ते काय करतील, हे सांगायला हेर नको होता.

गुरुवार उजाडला. अध्यक्ष बाराला येणार होते. पाचवी-सहावीची गणिताची चाचणी साडेअकराच्या टोलापर्यंत होती. अकरा वाजून गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप गोळा करायला गेलो. खोलीत कोणी नव्हते. टेबलावर एक खाकी पाकीट होते. त्यावर हेराच्या अक्षरात लिहिले होते, ‘इतिहास. अत्यंत महत्त्वाचे’. उघडून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. पाकीट ट्रेच्या खाली गेले, ट्रे छातीशी आला आणि मी बाहेर पडलो.

“टोलकाका!” समोर मोठ्या बाई. “ट्रे असा कवटाळून का धरलाय?”

“कप पडू नयेत म्हणून, बाई.”

“रिकामे आहेत ना ते?”

“म्हणूनच, बाई. रिकामे कप फार लवकर फुटतात.”

बाईंनी एक कप उलटा करून पाहिला. मग त्या कार्यालयात गेल्या. इतक्यात जिन्याच्या वळणावर एक सडपातळ सावली हलली. आवाज अर्थातच नाही! मी कमरेची किल्ली काढली, घड्याळाची पेटी उघडली, पाकीट दुमडून आत कोंबले आणि कुलूप लावले. घड्याळात अकरा वीस झाले होते. जगात याहून सुरक्षित जागा नाही, असे मनाशी म्हणत मी खाली स्टुलावर बसलो आणि साडेअकराच्या टोलासाठी हातोडा मांडीवर घेतला.

दहा मिनिटे, वाचकहो! दहा मिनिटे ती किती! पण ती सरेनात. मी वर पाहिले, अकरा वीस. मनातल्या मनात आख्खी प्रार्थना म्हटली, वर पाहिले, अकरा वीस. अपराधी मनुष्याचा काळ मंद गतीने जातो, असे मी एका ग्रंथात झाडता झाडता वाचले होते; त्या लेखकाला किती सखोल अनुभव असावा, याचे मला नवल वाटले! टिकटिकही ऐकू येईना. भीतीने माझे कान बसले आहेत, असे मी समजलो आणि कानांत बोट घालून पाहिले. मोकळे होते.

तिकडे शाळेत हाहाकार सुरू झाला होता. टोलाशिवाय तास संपवायचा नाही, हा आमच्याकडचा सर्वांत कडक नियम. मनगटी घड्याळे पेटीत आणि संगणकांची खोली चाचणीमुळे बंद! मैदानावर खेळाच्या सरांनी आठवीला “टोल होईपर्यंत पळा!” असे सांगितले होते. त्यांतील तिघे आता चालत होते, दोघे झाडाला टेकले होते आणि एक जण सरांभोवतीच गोल फिरत होता. संगीताच्या वर्गात एकच कडवे चौदाव्यांदा चालू होते. वादविवाद मंडळात एका मुलाला ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर टोल होईपर्यंत बोलायचे होते. त्याने दहा मिनिटांचे भाषण पाठ केले होते. ते संपल्यावर त्याने आजोबांच्या आजारपणाची हकीकत सांगितली, मग त्यांच्या दोन्ही शस्त्रक्रिया, आणि आता तो डोळ्यांत पाणी आणून शेजाऱ्यांच्या मांजराविषयी बोलत होता. फक्त पाचवीचे विद्यार्थी आनंदात होते. त्यांची गणिते सोडवून झाली होती आणि ते उत्तरांना रंग देत होते!

गणिताच्या बाई दारातून डोकावल्या. “काका, अजून टोल नाही?”

“अकरा वीस, बाई.”

“मघाशीही अकरा वीसच म्हणालात ना?”

“मघाशीही तेवढेच वाजले होते, बाई.”

त्या विचारात पडून परत गेल्या. तोच प्रवेशद्वारातून अध्यक्ष आत आले. धिप्पाड देह, हातात काठी आणि मनगटावर बाहेरच्या जगाचे घड्याळ. ते घड्याळासमोर थांबले.

“अरे, बारा वाजून दहा मिनिटं झाली! तुमच्याकडे अकरा वीस? सात मिनिटं पुढे राहू द्या, तुम्ही पन्नास मिनिटं मागे आहात!”

मोठ्या बाई धावत आल्या. त्यांच्या मागून हेर आला, आणि त्याच्या मागून अध्यक्षांपुढे इतिहासाचे एक प्रकरण वाचण्यासाठी बोलावलेली, छातीशी वही धरलेली माझी मुलगी.

“टोलकाका, उघडा ती पेटी!”

“बाई, किल्ली...”

“कमरेला आहे तुमच्या!”

माझ्या हातून किल्ली लागेना. बाईंनी ती घेतली आणि पेटी उघडली. लंबक पाकिटात असा रुतला होता, जसा मी त्या प्रकरणात! बाईंनी हात घातला, पाकीट खाली पडले आणि लंबक निर्लज्जपणे टिकटिक करू लागला.

बाईंनी पाकिटावरचे अक्षर वाचले. मग त्या हळूहळू हेराकडे वळल्या.

“सर, हे तुमचं अक्षर.”

“हो बाई. पण हे इथे कसं आलं?”

“तेच विचारतेय मी! परवाच्या बैठकीत तुम्हीच म्हणालात ना, संस्थापकांनी हे तत्त्व सांगितल्याचा एकही पुरावा नाही? आणि आज, नेमके अध्यक्ष यायच्या दिवशी, घड्याळ बंद! आत तुमचं पाकीट! शाळेचं हसं करायचं होतं तुम्हाला?”

“नाही हो बाई, मी कशाला... मी आपला फोटो शोधत होतो सकाळपासून...”

“उद्यापासून यायची गरज नाही तुम्हाला.”

वाचकहो, माझी सुटका झाली होती! हेर आपल्याच पाकिटात सापडला होता, आणि रागाच्या भरात किल्ली कोणाची, हा प्रश्न बाईंना सुचला नव्हता. मी फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहण्याचा मला एकोणीस वर्षांचा अनुभव होता. सर बिचारे रबरी बुटांवर या पायावरून त्या पायावर होत उभे होते. तेव्हाही त्यांचा आवाज होत नव्हता. मी सहज मुलीकडे पाहिले. ती सरांकडे पाहत नव्हती, बाईंकडे पाहत नव्हती. ती बाईंच्या हातातल्या किल्लीकडे पाहत होती. मग तिने माझ्या कमरेकडे पाहिले, आणि मग मान खाली घातली.

तिने चार शब्द बोलून मला उघडे पाडले असते, तर ते मला सोसले असते. ती मान मला सोसली नाही.

“माननीय अध्यक्ष महोदय,” मी हातोडा खाली ठेवला, “आदरणीय मोठ्या बाई आणि उपस्थित सज्जनहो! मनुष्याच्या आयुष्यात असा एक क्षण येतो की...”

“थोडक्यात सांगा हो!” अध्यक्ष म्हणाले.

“थोडक्यात म्हणजे, मी.”

आणि मग सर्व बाहेर आले. पाकीट, ट्रे, शिडी, शनिवार, पत्नीचा शुक्रवार, तपासणी अधिकारी, पाण्याचा पेला. मी शेवटी म्हणालो, “साहेब, मला काढा. पण पोरीची शाळा तेवढी राहू द्या. तिने काही केलेलं नाही. तिला यातलं काही ठाऊकही नाही.”

“ठाऊक आहे,” मुलगी म्हणाली.

सर्वांनी तिच्याकडे पाहिले. तिने वही उघडली.

“जुन्या हजेरीपत्रकात एक सोमवार आहे. त्या दिवशी तेवीस जण उशिरा आले आणि एकच माणूस वेळेवर. तो माणूस त्याआधी दोन वर्षं रोज उशिरा आलेला. सगळे एकदम चुकले आणि रोज चुकणारा एकटाच बरोबर निघाला, म्हणजे घड्याळ त्याच्या घड्याळावरून लावलं असणार.” ती माझ्याकडे वळली. “सर म्हणाले, पुरावा आहे, पण साक्षीदार हयात असताना त्याला न विचारता लिहायचं नाही. मी आठ दिवस विचारतेय, बाबा! तुम्ही ताट घेऊन आत जाता!”

“मग तो फोटो?” मी क्षीण आवाजात विचारले.

सरांनी पाकिटातून फोटो काढला. घडीची रेघ नेमकी मधून गेली होती. घड्याळ त्यात नव्हतेच! ते इतके उंचावर होते की फोटोच्या कडेबाहेरच राहिले होते. “नावं लिहायची होती खाली,” सर म्हणाले. “मागच्या रांगेत संस्थेचे जुने सभासद आहेत, त्यांना इथे कुणीच ओळखत नाही. अध्यक्षांनी सांगितली असती.”

 अध्यक्षांनी काठी दोनदा आपटली. मी डोळे मिटले. मग एक घरघर ऐकू आली आणि मी डोळे उघडले. अध्यक्ष हसत होते!

“माझे वडील,” ते डोळे पुसत म्हणाले, “आयुष्यात कधी, कुठेही, वेळेवर पोहोचले नाहीत! स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा आले होते. दर वर्षी समारंभात ते सात मिनिटांचं ऐकलं की आई तोंडावर रुमाल धरायची. मला वाटायचं, अभिमानाने रडतेय!”

मोठ्या बाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या, “पण साहेब, सुवर्णमहोत्सवाचे बिल्ले तयार होऊन आलेत. सात किरणांचे.”

“राहू द्या की बिल्ले. घड्याळही राहू द्या पुढे, पोरांना सवय झालीय. इतिहासात मात्र ही मुलगी लिहील तेच छापायचं. सर, तुम्ही उद्या या. आणि परवाही. काका, तुम्हाला काढत नाही मी, पण शिक्षा आहे. हे सगळं तुम्ही स्वतः लिहून काढायचं, स्मरणिकेसाठी. काही न लपवता!”

“आणि आधी टोल द्या हो!” मैदानावरून खेळाच्या सरांचा आर्त स्वर आला.

मी टोल दिला. संपूर्ण शाळेतून असा सुस्कारा निघाला की नोटीस फलकावरचे कागद हलले. सरांची मी क्षमा मागितली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बुटांविषयी विचारले तेव्हा सांगितले की त्यांच्या टाचा दुखतात.

तर हीच ती शिक्षा, जी आपण आता वाचीत आहात. सायंकाळी घरी बैठक मारून मी लिहायला घेतले. मन पिसासारखे हलके झाले होते. मी पत्नीला सर्व हकीकत सांगितली आणि म्हणालो, “थोडक्यात काय, प्रवेशद्वारावर कोरलेली ती सात मिनिटं मुळात तुझी आहेत!”

तिने वाढलेले ताट माझ्यापुढे ठेवले. “सात? मी तर दहा मिनिटं पुढे केलं होतं.”

“सात, सात! अधिकाऱ्यांनी स्वतः पाहिलं.”

“अहो, मला चांगलं आठवतंय. पाच केली, तर म्हटलं यांना पाचने काय होणार? मग दहा केली.”

कोपऱ्यात अभ्यास करणारी मुलगी हळूच ताठ बसली.

“तरीच! त्या सोमवारी तुमची वेळ सात सत्तावन्न आहे. तुमच्या घड्याळात आठ वाजले असणार. म्हणजे शनिवारी वेळ तुम्ही खाली उभं राहून पाहिलीत, आणि काटे फिरवले त्यानंतर तीन मिनिटांनी.” तिने पेन्सिल उचलली. “बाबा, दोन पुरुष उंचीच्या शिडीवर चढायला तुम्हाला तीन मिनिटं लागली?”

“माकडाच्या चपळाईने चढलो होतो मी!”

“बरं. त्या वेळी शिडी कोणी धरली होती? साक्षीदार हयात आहे का?”

शिडी, वाचकहो, ग्रंथपालबाईंनी धरली होती. मी वर काय काय म्हणालो, कोणाकोणाला हाका मारल्या आणि ‘खाली घ्या मला’ हे किती वेळा, ते सर्व त्यांनी ऐकले आहे. त्या हयात आहेत, त्यांचा चष्मा स्वच्छ आहे आणि उद्या मुलीचा ग्रंथालयाचा तास आहे.

मी ताट उचलले आणि आतल्या खोलीत गेलो.